दाराजवळचा आकडा

हातोडा हे नाव त्याच्या आईनं ठेवलेलं नव्हतं. ते बाजारानं ठेवलं होतं. मटणबाजारामागच्या मैदानात विशीतल्या एका पोरानं आपल्या दीडपट माणसाला एकाच ठोशात आडवं केलं. त्या माणसाचे दात शोधायला लोक मातीत वाकले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, हात आहे का हातोडा?" झालं. त्या दिवसापासून त्याला खऱ्या नावानं दोघंच हाक मारायची, आई आणि फौजदार. पुढे आई गेली, तेव्हा एकटा फौजदार उरला.

बाजारातल्या म्हाताऱ्या खाटकानं त्याला मैदानातूनच उचलला. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. दुकान होतं, आणि हात थकत चालले होते.

"मला माणसं लोळवणारा नकोय," म्हातारा म्हणाला. "बोकड लोळवणारा पाहिजे. जमेल?"

"बोकड उलट मारतो?"

"नाही."

"मग त्यात मजा काय?"

"मजा नाही. पोट आहे."

पहिल्याच दिवशी त्यानं बरगड्यांवर सत्तूर असा घातला की हाडांच्या चिपा उडून एका गिऱ्हाइकाच्या गालात रुतल्या. म्हाताऱ्यानं त्याच्या कानाखाली आवाज काढला. "हाड तोडायचं नसतं, गाढवा. सांधा शोधायचा आणि सोडवायचा." मारामारीत कुणाच्या बापाला न ऐकणारा हा पोरगा गाल चोळत म्हणाला, "परत दाखवा." तिथून तो शिकला. पुढे तर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचा, की सुरा मांडीत आहे का खांद्यात, आणि कापणारा जाणता गडी आहे का नुसतं गवत.

मुलगी गल्ल्यावर बसायची. तिची जीभ तिच्या बापाच्या सुऱ्यांपेक्षा धारदार होती.

"तुझ्या बाबांकडे मागणी घालू का?" एकदा बोकड सोलता सोलता हातोड्यानं विचारलं. कोपरापर्यंत हात लाल होते.

"घाल की. पण उत्तर मी देणार."

"मग काय उत्तर?"

"आधी हात धू."

म्हातारा श्रद्धावंत. रविवारची उपासना त्यानं कधी चुकवली नाही, आणि जावई करायचा तर तो चर्चमधलाच हवा असा त्याचा हट्ट. म्हणून हातोड्याचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी त्याला पाण्यात बुडवून वर काढलं, तेव्हा होणारी बायको काठावरून पुटपुटली, "अजून जरा धरा, पाळकसाहेब. हा एका बुडीत निघणारा मळ नाही." पहिल्या बाकावरची बायकामंडळी तोंडाला पदर लावून हसली. हातोडाही हसला, नाकातोंडात पाणी गेलं तरी.

आता त्या आकड्याबद्दल सांगायला हवं.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी नळी, आणि तिच्यावर आकडे. आतल्या आकड्यांवर विकायचा माल. दाराजवळचा सगळ्यात शेवटचा आकडा मात्र म्हाताऱ्यानं वेगळा ठेवलेला. फार वर्षांपूर्वी तेव्हाच्या पाळकांनी प्रवचनात सांगितलं होतं, की शेतकऱ्यानं कापणी करताना शेताची कड कापू नये, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावी. ऐकणाऱ्यांत एकाचंही शेत नव्हतं. निम्मे लोक जांभया देत होते. म्हातारा मात्र घरी येऊन जेवला नाही. "माझं शेत म्हणजे ही नळी," तो म्हणाला. "हिची दारातली कड माझी नव्हे."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी, चांगल्यातला चांगला तुकडा सुतळीनं बांधून त्या आकड्यावर जायचा. संध्याकाळी चर्चची घंटा सुरू झाली की म्हातारा दाराकडे पाठ करायचा आणि मीठ टाकून मटण तोडायचा ठोकळा घासायला लागायचा. घंटा थांबली तरी घासतच राहायचा. मागे दारात पावलं वाजायची, आकडा कुरकुरायचा, पावलं निघून जायची. कोण आलं, कोण गेलं, त्यानं कधी पाहिलं नाही.

हातोड्यानं एकदा मान वळवली, तर ओला ब्रश तोंडावर आला.

"बघायचं नाही!"

"का? कोण नेतो ते कळलं तर बिघडलं काय?"

"उद्या तो मला रस्त्यात भेटेल. मला बघून त्याला मान खाली घालावी लागू नये."

"पण उपकार करतो आपण त्याच्यावर..."

"उपकार?" म्हातारा असा ओरडला की आतून मुलगी धावत आली. "शेताची कड माझी नव्हतीच रे! माझी नसलेली वस्तू मी कुणाला देणार?"

हातोड्याला ते कळलं नाही. म्हातारा गेला तरी कळलं नाही.

हातोडा कंजूष होता असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. उलट त्याला द्यायला आवडायचं. पण दिलेलं दिसायला हवं असायचं. म्हाताऱ्याच्या मागे पहिल्याच वर्षी त्यानं घंटेच्या वेळी चोरून बघितलं, आणि समोरच्या खानावळीतला धडधाकट नोकर मटण उचलताना सापडला. हातोड्यानं त्याचं बोट उलटं वाकवलं, ते कटकन मोडलं. "गरिबाच्या तोंडचं नेतोस?" अख्ख्या बाजारानं वाहवा केली. तेव्हापासून पाठ करणं बंद, आणि रांग सुरू.

संध्याकाळी दारात आठ-दहा जण उभे राहायचे. सगळ्यात पुढे भंगारवाली म्हातारी. हातोडा सुरा हातात घेऊन तुकडे करायचा.

"कोण देतो?" तो विचारायचा.

"देव देतो," रांग म्हणायची.

"देव वर. इथं खाली कोण देतो?"

"तुम्ही देता, मालक."

"हां, आता कसं!"

कुणी पुटपुटलं तर, "पोटात बोलतोस काय? पोट तर रिकामं आहे तुझं!" कुणी दोनदा रांगेत शिरलं तर मानगुटीवर फटका. एकदा त्यानं एकाच्या हातावर सुऱ्याची बोथट बाजू इतक्या जोरात मारली की तो माणूस रडला. मग हातोड्यानं त्याला जास्तीचा तुकडा दिला आणि स्वतःच गहिवरला.

बायको गल्ल्यावरून बघायची. "बाबा असं करायचे नाहीत."

"बाबांच्या वेळची माणसं वेगळी होती."

"माणसं तीच आहेत, अहो. खाटीक बदललाय."

चर्चमध्ये मात्र त्याचं वजन वाढलं. प्रार्थनेत पाळक त्याचं नाव घ्यायचे. तो तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आला. तिकडे आकड्यावरचा तुकडा मांडीवरून खांद्यावर आला, खांद्यावरून मानेवर, आणि पुढे पुढे तर नुसती चरबी चिकटलेली हाडं. हे कुठल्या एका दिवशी ठरवून झालं नाही. त्यामुळे ते त्याला दिसलंही नाही.

त्या रविवारी प्रवचन होतं दारात बसलेल्या भुकेल्या माणसावर, आणि आत जेवत बसलेल्या श्रीमंतावर. हातोडा ढसाढसा रडला. उपासनेत तो नेहमीच लवकर रडायचा. तिथून थेट दुकानात आला, मालातली सगळ्यात भरलेली मांडी निवडली, आणि सुतळी बांधून दाराजवळच्या आकड्यावर लटकवली. दहा पावलं मागे जाऊन बघितली. "आज बघतीलच लेकाचे," तो म्हणाला. बायकोनं त्या मांडीकडे बघून डोळे पुसले. कित्येक वर्षांनी त्या आकड्यावर मांडी परत चढली होती.

दिवसभर धंदा तुफान झाला. संध्याकाळी नळी रिकामी, तेवढ्यात समोरचा खानावळवाला धापा टाकत आला.

"मेलो! मोठी मंडळी जेवायला येऊन बसलीत. मांडी दे."

"संपल्या."

"ती काय दारात?"

"ती गरिबांची."

"गरिबांना काय कळतं मांडी कुठली आणि मान कुठली! त्यांना दुसरं काही दे. ती मला. शब्द टाकतोय, यार. एवढ्या वर्षांचा शेजार."

हातोड्यानं मांडीकडे बघितलं. मग दाराबाहेर. रांग अजून लागायची होती. गल्ल्यावर बायकोचा हात थांबला.

"अहो," ती म्हणाली.

"त्यांना मान देतो ना! उपाशी थोडीच पाठवतोय?" मग खानावळवाल्याला, "बस जरा. ठोकळा घासतो आणि तुकडे करून देतो."

तो वळला, ठोकळ्यावर मीठ टाकलं, ब्रश उचलला. आणि तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली.

मागे पावलं वाजली. आकडा कुरकुरला. खानावळवाल्यानं मांडी काढून घेतली असणार, असं समजून हातोडा घासत राहिला.

"अरे!" खानावळवाला ओरडला. "अरे, माझी मांडी चालली!"

"कुठं चालली? तुझ्या अंगालाच आहे."

"विनोद काय करतोस! तो बघ, तो घेऊन चाललाय!"

हातोडा गर्रकन वळला. आकडा रिकामा होता आणि हलत होता. बाहेर रस्त्यावर एक वाळका माणूस मांडी पोत्यात गुंडाळून, काखोटीला मारून चालला होता. सदऱ्यावर रंगाचे वाळलेले डाग. घरं रंगवणारा रंगारी असावा. तो चालत होता. पळत नव्हता. पण ते बघायला हातोड्याजवळ डोकं कुठे होतं?

"चोर!" तो गरजला. "पकडा! चोर!"

शटर ओढणारे हात जागच्या जागी थांबले. त्या महिन्यात बाजारात चोऱ्या फार झाल्या होत्या. मासळीवाल्याच्या पेट्या, कोंबडीवाल्याचा वजनकाटा, बर्फवाल्याची ताडपत्री. सगळ्यांच्या पोटात राग आंबला होता, त्याला आता तोंड मिळालं.

सगळ्यांत आधी हातोडाच पोचला. मागून मानेवर पहिला ठोसा घातला. रंगारी तोंडावर आपटला, मांडी पोत्यातून निसटून गटारात गेली. हातोड्यानं त्याला लाथ मारून उलटा केला. त्यानं आडवा धरलेला हात पिरगळला. तो हात खांद्याजवळ निखळला, आणि कुठे निखळला तेही हातोड्याला आवाजावरून कळलं. मग नाकावर ठोसा. रक्त हातोड्याच्या दाढीवर उडालं. त्याला बरं वाटलं. हे खरं आहे, म्हणून सांगायला हवं. मैदानातल्या त्या दिवसांसारखं अंग हलकं झालं.

"गरिबांचं चोरतोस? गरिबांचं?"

रंगाऱ्यानं तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं. त्याच्या डोळ्यांत भीती कमी आणि गोंधळ जास्त होता.

"पाठ... पाठ केली होतीस ना?"

"काय?"

"घंटा झाली. तू पाठ केलीस. म्हणून घेतलं." त्याला खोकला आला, त्यातही रक्त. "म्हातारबा पाठ करायचे. अजून तीच रीत नाही का? मी गाव सोडून गेलो होतो... पोरगी बाळंत झालीय, घरात काही नाही..."

हातोड्याची मूठ वर होती, ती वरच राहिली.

तेवढ्यात बाजार येऊन आदळला. बर्फवाल्याची लाथ रंगाऱ्याच्या बरगडीत बसली. कोंबडीवाल्यानं केस धरून डोकं फरशीवर आपटलं. कान फाटला.

"थांबा!" हातोडा म्हणाला. "थांबा रे, चोर नाही तो!"

"तूच ओरडलास ना?"

"चुकलं माझं!"

"बरं, तुझं चुकलं," मासळीवाला म्हणाला आणि हाताला फडकं गुंडाळलं. "पण माझ्या पेट्या कुणी नेल्या? सरक."

हातोडा सरकला नाही. त्यानं मासळीवाल्याच्या पोटात डोकं घातलं. रोज ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा, त्यांच्यावर तो तुटून पडला. बर्फवाल्याचा ओठ फोडला. कोंबडीवाल्याच्या मनगटाला दात लावले. पण ते दहा होते आणि वाढत होते, आणि एकदा तापलेला जमाव माणूस बघत नाही. "हाही सामील आहे!" असं कुणीतरी मागून ओरडलं, ते खुद्द खानावळवाल्यासारखं वाटलं. मग कुणाला काही विचारायचं उरलं नाही. हातोड्याच्या पाठीत फळी बसली. तो गुडघ्यावर आला, आणि तिथून तसाच रंगाऱ्याच्या अंगावर पालथा पडला. खालून रंगाऱ्याचं काळीज त्याच्या छातीवर धडधडत होतं, मानेवर सुरी फिरायच्या आधी बोकडाचं धडधडतं तसं. त्यानं उजवा हात रंगाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. त्याच वेळी काट्याचं लोखंडी वजन खाली आलं.

आयुष्यभर त्यानं हाडांचे आवाज ऐकले होते. हा आवाज त्याच्याच हातातून आला.

"मागे व्हा!"

बायको होती. हातात सत्तूर. तिनं तो मासळीवाल्याच्या हातगाडीच्या फळीत असा घातला की फळी उभी चिरली.

"आता जो हात पुढे येईल, तो इथेच राहील! ये, ये ना बर्फवाल्या! आणि चोर कोण ते विचारायचंय ना सगळ्यांना? मला विचारा. माझ्या बापाच्या आकड्यावरचं मटण आहे ते. सकाळीच दिलेलं. दिलेलं परत घेऊन विकायला निघाला होता, तो चोर." तिनं सत्तूर खाली पडलेल्या नवऱ्याकडे रोखला. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत तिनं त्याला 'अहो' सोडून काही म्हटलं नव्हतं. "तू! तू चोर!"

माणसं एकेक करून आपापल्या शटरकडे निघाली. खानावळवाला तर केव्हाच पसार झाला होता.

फौजदार आला. "कुणी मारलं?" बाजारात एकालाही काही दिसलं नव्हतं.

"पहिला हात माझा," हातोडा म्हणाला.

फौजदारानं त्याच्या चेचलेल्या पंजाकडे बघितलं, आणि फार दिवसांनी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली. "म्हटलं सुधारलास," तो म्हणाला. "गाडीत बस. आधी दवाखाना, मग बाकीचं."

रंगारी जगला. खांदा बसवला, बरगड्या आवळून बांधल्या, कान शिवला. एक पाय मात्र ओढतच राहिला. हातोडा जामिनावर सुटला तो पहिला दवाखान्यात गेला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात डबा. त्यात बायकोनं केलेला हाडांचा रस्सा.

खाटेजवळ रंगाऱ्याची मुलगी तान्ह्याला घेऊन बसली होती. तिनं बाळ शेजारच्या बाईकडे दिलं, उठली, आणि हातोड्याच्या तोंडात भडकावली. मग दुसऱ्या गालावर. तो उभा राहिला. ती दमली तेव्हा रंगारी बोलला.

"डबा कशाला?"

"तुमच्यासाठी. आणि माफी मागायला आलो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम नाही चालत, बाबा. तुझं खाल्लं की मला माफ करावंच लागणार. मी इथं आडवा आणि तू डबा घेऊन उभा. माझ्या तोंडाला कुलूपच की ते." तो खोकला, बरगड्यांवर हात दाबून. "डबा घेऊन जा."

"मग मी करू काय?"

"मला काय विचारतोस? मार खाऊन वर शिकवणीही मीच घेऊ? त्या म्हाताऱ्याकडे काम शिकलास ना? त्यालाच आठव."

हातोडा डबा घेऊन परत आला. बायकोनं भरलेला डबा बघितला आणि उचलून आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हातानं धडपडत त्यानं मांडी बांधली. गाठ बसेना, तेव्हा दातांनी आवळली. संध्याकाळी रांग आली.

"रांग बंद," तो म्हणाला.

"म्हणजे मटण बंद?" भंगारवाली म्हातारी.

"मटण चालू. घंटा झाली की मी पाठ करीन. तुम्ही यायचं, न्यायचं."

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं, मग आकड्याकडे, मग रस्त्यावरच्या त्या फरशीकडे. तिथलं रक्त धुऊनही पुरतं गेलं नव्हतं.

"पाठ करणार आणि मग मारणार," ती म्हणाली. "नको रे बाबा. भूक परवडली."

घंटा झाली. त्यानं पाठ केली. घासत राहिला. आकडा कुरकुरला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी मांडीवर माश्या घोंघावायच्या. बायको ती उतरवून नेऊन मागे पुरायची, आणि प्रत्येक वेळी कुदळ अशी मारायची की हातोड्याला ती आपल्याच डोक्यात बसतेय असं वाटायचं.

पाळकसाहेब दुकानात आले. "त्या बंधूसाठी मंडळी मदत गोळा करणार आहे. रविवारी तुम्ही पुढे या, दोन शब्द साक्ष द्या. लोकांना बरं वाटेल."

"मला पुढे नका बोलवू, पाळकसाहेब," हातोडा म्हणाला. "आणि प्रार्थनेत माझं नाव घेऊ नका. मदत नेलीत की दाराआड ठेवा, दार लोटा आणि निघून या." पाळक तरुण होते. ते जरा हिरमुसले, आणि दाराजवळच्या मांडीकडे बघत बाहेर पडले.

"हे असं किती दिवस लटकणार?" ते गेल्यावर बायकोनं विचारलं.

"तो येईपर्यंत."

"आणि नाही आला तर?"

हातोड्यानं मांडीवरच्या माश्या हाकलल्या. रंगारी आला नाही, तर दुसरं कुणी कधीच येणार नव्हतं. लोकांच्या मनात भीती त्यानं एका ठोशात घातली होती. ती काढायचा हात त्याच्याजवळ नव्हता.

मग एका संध्याकाळी तो घासत असताना पावलं आली. एक टेकत होतं, एक ओढत. खोकला.

हातोड्याच्या मानेवरचे केस ताठ झाले. दाराजवळच्या फळीवर सगळे सुरे धार लावून मांडलेले होते. आणि त्याची पाठ उघडी होती, ज्याला त्यानं मारलं त्याच माणसाकडे. घंटा वाजत होती.

फळीवर लोखंड सरकलं. त्यानं सुरा उचलला होता, लांबातला. आवाजावरून कळलं.

हातोड्यानं घासणं थांबवलं नाही. ब्रश ठोकळ्यावर फिरत होता, घाम कण्यावरून उतरत होता. मैदानात एकदा एकानं मागून चाकू आणला होता, तेव्हा तो वळला होता आणि त्या माणसाचा जबडा मोडला होता. आत्ताही अख्खं अंग 'वळ' म्हणत होतं. गल्ल्यावर बायकोचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला. घंटा थांबली.

सुरा मांसात शिरला.

त्याच्या मांसात नव्हे. मांडीत. कर्र, कर्र, पातं वाकडं धरून, हाडावर रेटून. कापणारा अगदीच गवत होता. सांधा दोन बोटं वर राहिला होता आणि हा गडी हाडाशी मारामारी करत होता. 'वर घे, अरे वर, सांध्यातून काप!' हातोड्याच्या जिभेवर आलं. त्यानं जीभ दातांखाली धरली, इतकी की तोंडात रक्ताची चव आली. मांडी दोन-चारदा घसरली, रंगाऱ्यानं शिवी हासडली, आणि शेवटी तुकडा सुटला. सुरा फळीवर परत गेला. पावलं उंबरठ्यावर थबकली.

"धार चांगली आहे," मागून आवाज आला.

आणि एक टेकत, एक ओढत, पावलं निघून गेली.

"गेला?" हातोड्यानं ठोकळ्याला विचारलं.

"घासा तुम्ही," बायको म्हणाली.

पण त्याला राहवलं नाही. तो वळला. आकड्यावर मांडीचा निम्मा भाग, चिंध्या झालेला, अजून लटकत होता. आणि दारात भंगारवाली म्हातारी उभी होती. एक पाय आत, एक पाय बाहेर, हातात पिशवी, कपाळावर आठ्या. तिच्यामागे भिंतीला चिकटून आणखी दोघं-तिघं.

"काय हो मालक," ती म्हणाली, "आमच्याकडे काय बघताय? करा की पाठ!"

हातोडा वळला. मीठ टाकलं आणि ब्रश उचलला.